दंडाचं माप

घोरपडे बाईंनी पुण्याच्या संगणकातून छापून आलेला लांबलचक कागद टेबलावर उलगडला आणि लाल पेन्सिल हातात घेतली. सांगलीच्या त्या कचेरीत पंखा जोरात फिरत होता, तरी समोर उभ्या असलेल्या, सर्वेक्षणासाठी मुलांची मापं घेणाऱ्या कृष्णातच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"जिल्ह्यातली बाराशे मुलं आहेत यात," बाई म्हणाल्या. "वय, उंची, वजन, छाती, दंडाचा घेर. एकेक आकडा वेगळा बघितला तर चूक दिसत नाही. पाचही एकत्र धरले की जे मूल बाकीच्यांपासून लांब पडतं, त्याच्यापुढे यंत्र फुली मारतं. हा प्रोग्रॅम मीच लिहिलाय."

कृष्णात पुढे वाकून कागदावरची गावांची नावं बघू लागला. माघात तो जतकडच्या एका धनगरवाडीवर मापं घ्यायला गेला होता. दहा घरं, त्यांतल्या नऊंना कुलूप. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. सर्वेक्षणाच्या तारखा ठरवणाऱ्यांना तेवढं नव्हतं. रिकाम्या हाताने परतावं, तर महिन्याभरात कायम होणारी नोकरी हातची जाताना दिसत होती. मग गडी लिंबाखाली बसला. पोरांची नावं पंचायतीतून मिळाली होतीच. शेजारच्या गावचे आकडे थोडे इकडे, थोडे तिकडे करत त्याने अठरा पोरं कागदावर मोजली.

पेन्सिल ओळीओळीने खाली येत होती. धनगरवाडीच्या ओळी आल्या तशी कृष्णातची पाचावर धारण बसली. पण त्या अठरा पोरांपुढे फुली नव्हती. यंत्राला ती अगदी पसंत पडली होती. फुली होती ती एकोणिसाव्या ओळीला.

"सुला बिराप्पा, वय आठ," बाईंनी वाचलं. "वजन वयाला शोभतंय आणि दंड दोन वर्षांच्या पोराएवढा. असं मूल असतं का कुठे? टेप चुकलाय तुमचा."

टेप चुकला नव्हता. दहावं घर उघडं होतं. "भूकंपाच्या साली झाली बगा," असं पोरीचं वय सांगत तानुबाईने लेकीला धरून उंबऱ्याशी आणलं होतं. "ह्यांच्यासंगं आमीबी जानार हुतो. पन हिचं पाय सुजल्यात, चालवत न्हाई." कृष्णातने पोरीच्या नडगीवर अंगठा दाबला, तर खळगा पडला तो पडलाच. खरं वाटेना म्हणून त्याने दंड दोनदा मोजला. सुजेसाठी फॉर्मवर रकाना नव्हता. म्हणून त्याने ती लिहिली नाही.

"बोला की," बाई म्हणाल्या. "फुली पडलेल्यांतली खरोखर आजारी मुलं जीपने मिरजेच्या दवाखान्यात न्यायचीत. यादी आज जाणार. चूक असेल तर खोडते. नाहीतर खात्री करायला वाडीवर जाऊन सगळीच मापं पुन्हा घ्यावी लागतील."

खोडा म्हणणं किती सोपं होतं. कृष्णातला कुलपं दिसली. त्यांच्यापुढे उभ्या बाई दिसल्या, आणि हातात नोटीस घेऊन घरी शिरणारा तो स्वतः. त्याला भीती वाटत होती, साधी, उघडी भीती. यंत्राने त्याला सोडलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं.

बाईंनी पेन्सिल सुलाच्या ओळीवर टेकवली.

"ती नका खोडू, बाई," कृष्णात म्हणाला. "ती पोर म्या सोता मोजलीया. पायात पानी उतरलंय, त्या पान्याचं वजन हाय ते."

बाईंनी मान वर केली.

"आणि बाकीची?"

"बाकीची अठरा खोडा," तो म्हणाला. "पन जीप आजच काढा."