चुलीखालची घुगरी

धुरपताबाईच्या जिवाला पंधरा दिवस झाले थारा नव्हता, आणि का नाही ते कुणाला सांगायची सोय नव्हती. पुतण्या खेमसिंग सकाळी उठला की मोटारसायकल काढायचा आणि ओसाड पडलेल्या जुन्या तांड्यावर जाऊन माती उकरत बसायचा. विहीर आटली तसा तांडा उठला, त्याला चोपन्न वर्षं झाली. आता वणीकडची कोळशाची खाण तिथवर येणार होती. खेमसिंग तीन वर्षांचा असताना आई गेली. फोटो नाही, काही नाही. खाणीनं गिळायच्या आत तिची एखादी वस्तू हाती लागावी, एवढाच त्याचा ध्यास.

बरं, उकर म्हणावं बाबा! पण संध्याकाळी ते सगळं भंगार ओसरीवर पसरून विचारायचं कुणाला? तर हिलाच. जुन्या तांड्यातलं जाणतं माणूस ही एकटीच उरलेली.

"काकी, हे काय व्हय?"

धुरपताबाई नखानं गंज खरवडायची, दगडावर वाजवून पाहायची. "घाटी. पुढच्या बैलाच्या गळ्यात बांधत. मीठ लादून जात बैल."

"अन् हे?"

"अडकित्त्याचं पातं. पूनमसिंगाचं. तोंडात दात नाई, पण सुपारी पाह्यजे बुढ्याले."

"आत्याबाईले दुकानच टाकून द्या," म्हणून खेमसिंगची बायको संगीता चुलतसासूकडे बघून हसायची. धुरपताबाईला हसू येत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं! एक वस्तू सोडून जगातलं सगळं लोखंड-पितळ यानं आणावं, असं ती देवाला विनवत होती. आपलं घर चिंचेपाशी होतं, असं तिनं मुद्दाम खोटंच सांगितलं होतं. झालं काय, चिंचेपाशी काही सापडेना म्हणून गडी एकेक जोतं उकरत सुटला.

शुक्रवारी तो भरदुपारीच परतला. हातात पितळी डबी, आत चांदीच्या घुगरीची जोडी. कानशिलाजवळ केसांत गुंफायचं हे लेणं. नवरा जिवंत असेतोवर तांड्यातली बाई ते उतरवत नाही.

"तांड्याच्या नाईकाच्या घरामागचं जोतं उकरलं, तिथं चुलीच्या दगडाखाली होती. कोणाची व्हय काकी?"

ही वाजवून पाहायची गरज नव्हती. एका घुगरीचा एक घुंगरू तुटलेला होता, आणि तो ओढून तोडणारं पोर आज अठ्ठावन्न वर्षांचं होऊन समोर बसलं होतं.

"मायी व्हय," ती बोलून गेली.

"तुयी त काका गेले तवा मायासमोर उतरवली. संगीताच्या पेटीत हाय." मग त्याचा चेहरा उजळला. "याडीची हाय का? माया आईची?" आणि लगेच मावळला. "पण तूच सांगतं ना, याडी अहेव गेली, घुगरीसकट चितेवर ठेवली म्हून?"

घुगरीसकट! पोराला बरं वाटावं म्हणून हिनंच लबाडीला ती झालर लावली होती. आता तीच गळ्याशी आली.

"तुया आईचीच व्हय," ती म्हणाली. "मेली नाई ते. झरीकडचा एक माणूस होता, त्याच्यासंगं गेली. जाताना आपल्या हातानं घुगरी उतरवली, मले देल्ली, म्हणे पोरगा सांभाळ. तू माया मांडीवर निजला होता. उठून याडी याडी करू लागला, त काय सांगू तुले? मेली म्हटलं. तुया बापानं तेच धरलं, तांड्यानं तोंड शिवलं. घुगरी म्याच पुरली, आपल्या चुलीखाली."

खेमसिंग ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो धोतराच्या सोग्यानं घुगरी पुसत राहिला.

"दर दिवाळीले मेलेल्याइच्या नावानं विस्तवावर लापशी-तूप टाकतो," तो हळूच म्हणाला. "पयलं नाव तिचं घेतो. इतके वर्स जित्या माणसाले घास टाकला मी?"

धुरपताबाईनं रिकाम्या डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"आता जिती असंन का ते?"

"मले नाई मालूम रे."

"मंग या दिवाळीले तिचं नाव घेऊ का नोको घेऊ? सांग ना काकी. समदं सांगतं तू."

घुगरी तिच्यापुढे धरून तो उत्तराची वाट पाहत बसला.