टेकडी बघायची राहिली

मी भाताचा कुकर बोलतोय. शिट्टीवाला नव्हे, विजेवरचा. जेमतेम दोन वाट्या तांदूळ मावतील एवढाच माझा जीव.

परदेशात आम्ही राहतो त्या शहरातल्या बुकित पंजांग भागातल्या एका दुकानातून सुचित्राने मला घेतलं ते प्रवासासाठीच. आपली माणसं परदेश बघायला निघाली की पासपोर्टच्या आधी मेतकूट भरतात, त्यातलंच हे घर. नवरा प्रताप, लेक पूर्वी आणि पुण्याहून आलेले सासरे निशिकांत. सासऱ्यांना बाहेरचं चालत नसे. "संध्याकाळी वरणभात मिळाला की मला दुसरं काही नको," असं ते म्हणायचे. काही नको म्हणणाऱ्याचंच फार करावं लागतं, हे मी लवकरच शिकलो.

सुचित्रा मुलांना चित्रकला शिकवायची. फ्लॉरेन्स तिने पुस्तकांतून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. २०१६च्या जूनमध्ये आम्ही तिथे पोचलो. टॅक्सी एका गल्लीच्या तोंडाशी वळली आणि समोर तो तांबडा घुमट! तिच्या मांडीवरच्या पिशवीतून मीही डोकावलो. "अगं बाई, खरंच आहे की हा!" म्हणाली आणि रडलीच. जुना पूल, नदीत उतरलेली पिवळी घरं, सगळीकडे ती लहान मुलीसारखी बोट दाखवत होती. पण तिचा जीव अडकला होता नदीपलीकडच्या टेकडीत. तिथून मावळतीला सगळं गाव एका नजरेत दिसतं म्हणे.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरातून सगळे टेकडीकडे निघाले. पूर्वी दारातून ओरडली, "आई, कम लाह, चल ना! सनसेट मिस होईल!"

"आजोबांचा भात व्हायचाय गं. तुम्ही व्हा पुढे, मी उद्या जाईन."

दुसऱ्या संध्याकाळीही मी तिथेच खदखदत होतो आणि ती खिडकीतून मान वाकडी करून नदीचा एवढासा तुकडा बघत होती. मंडळी परतली ती हसतखिदळत. सासरे म्हणाले, "सूनबाई, पूर्वीने पिझ्झा खायला लावला वर. बरा होता हो! आता भूक नाही." तिने माझ्यातला भात ओट्याशी उभ्यानेच खाल्ला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सकाळी रोमची गाडी होती. "पुढच्या खेपेला नक्की," प्रताप म्हणाला. ती खेप आलीच नाही. दोन वर्षांत आजाराने तिला नेलं.

दहाव्याला पिंडाचा भात माझ्यातच शिजला. मला तसंच ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं आणि तिथे पिंड मांडले. एरवी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, ताटातलं पळवणारे कावळे त्या दिवशी झाडावरून हलेनात. प्रतापने हात जोडले, "पूर्वीला कधी अंतर देणार नाही." कावळा शिवेना. सासरे म्हणाले, "तुझी चित्रं जपू, पोरी." कावळा शिवेना. अरे, टेकडी म्हणा! तिला टेकडी बघायची होती! मी आतून आक्रोश करत होतो, पण मला कुठली वाचा? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले.

आता मी त्याच शहरात, बुकित तिमाहच्या आमच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर असतो. तुम्ही फिरायला जाल तेव्हा माझ्या भाऊबंदांना खुशाल न्या. फक्त मावळतीच्या वेळी त्यांचं बटण बंद करा, आणि भात लावायला थांबलेल्या बाईला हाताला धरून बाहेर काढा. ती "उद्या जाईन" म्हणेल. ऐकू नका.