डोळ्यांचा वॉर्ड

"दोन दिवस इथंच ठेवून घे ना गं मला," दादा म्हणाला. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यावर प्लास्टिकची जाळी, मुठीत थेंबांची बाटली.

"कुठं ठेवू? खाटाच नाहीत," त्याची धाकटी बहीण म्हणाली; ती तिथलीच सिस्टर. "आता सकाळी ऑपरेशन, दुपारी घर."

ती नोकरीला लागली तेव्हा डोळ्यांचा वॉर्ड गच्च भरलेला असे. पट्ट्या बांधलेली माणसं उताणी पडून असत. ती त्यांना घास भरवी, सुनांची गाऱ्हाणी ऐके. मग नवी यंत्रं आली, टाके गेले, वॉर्डाचं सामानघर झालं. शहरातल्यांची सोयच झाली. जरा खुपलं की रिक्षा करून दारात हजर. दादाचं गाव डोंगरापलीकडे. बस आली तर आली. वहिनी गेल्यापासून घरात तो एकटाच.

"मग माझ्याकडे चल."

"आणि शेळ्या कोण बघणार? तू?"

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. बस आलीच नाही. दादाने फोन केला, "अगं, झकास दिसतंय. भिंतीवरची पालसुद्धा दिसली. आता माझ्यापासून काही लपवू नकोस."

ती हसली. पुढच्या बसने ये म्हणाली.

तो आला तो चौथ्या दिवशी, दुधाच्या गाडीतून, डोळा निखाऱ्यासारखा लाल, पापण्या सुजून अर्धवट मिटलेल्या, आत पू. डॉक्टरांनी जमेल तेवढं सगळं केलं. नंतर बाहेर येऊन ते हलक्या आवाजात बोलू लागले. डोळा गेला, हे त्यांचा चेहरा बघूनच तिला कळलं होतं.

दादाला तापाच्या रोग्यांत एक खाट मिळाली. ती उशाशी बसली.

"एवढं दुखत होतं, तर फोन का नाही केलास?"

"वाटलं, कापलंय म्हणजे दुखणारच. त्यात तू ड्यूटीवर. उगाच तुझ्या जिवाला घोर."

आयुष्यभर परक्यांच्या डोळ्यांत थेंब घातले तिने.

"रडतेस कशाला? दुसरा आहे की. धूसर का असेना." तो उठून बसला. "पाणी मी घेतो. तू बस."

त्याने तांब्या उचलला, अंदाज घेतला आणि कलता केला. धार पेल्याच्या अलीकडे पडू लागली.

तिने आवाज न करता पेला धारेखाली सरकवला.

"भरला का गं?"

"भरला, दादा."