सरांचं ‘न्हाई’

गळिताचा हंगाम सुरू झाला की देवळाली प्रवऱ्याच्या हवेत मळीचा उग्र दर्प तरंगू लागतो. त्या दर्पातून वाट काढत आमच्या माडीवरून एक खणखणीत शब्द खाली यायचा: ‘न्हाई!’ एरवी शुद्ध, संथ मराठी बोलणारे आमचे हे, शाळेतले चित्रकलेचे सर, संतापले की थेट राहुरीच्या बोलीत उतरायचे.

माडीवर त्यांचं चित्रदालन आहे. युरोपातल्या जुन्या थोर चित्रकारांच्या कृतींच्या प्रतिकृती, पुण्याहून एकेक करून आणलेल्या, नगरला चौकटीत बसवून घेतलेल्या. मूळ चित्र त्यांनी जन्मात पाहिलं नाही, पण दाखवण्याचा थाट काय वर्णावा! एका वेळी एकच माणूस आत. दोघं आले की गप्पा मारतात, चित्र बघत नाहीत, असं त्यांचं ठाम म्हणणं. आमदार आले तेव्हा त्यांच्या बायकोलाही खाली माझ्यापाशी बसावं लागलं. पाहुण्यानं हात मागे बांधून उभं राहायचं आणि आधी चित्रात उजेड कुठून येतोय ते सांगायचं. चुकला की ‘न्हाई!’ रागानं जिना उतरणाऱ्यांची चहा पाजून समजूत घालता घालता माझा जीव मेटाकुटीला यायचा.

श्रावणात पक्षाघातानं त्यांची वाचा नेली. पाय सावरला, हातही सावरला. शब्द तेवढा परतला नाही. नगरचे डॉक्टर म्हणाले, “त्यांच्या आवडीचं बोलत राहा, एखादा जुना शब्द आपसूक सुटेल. पण आताच. फार उशीर झाला तर अवघड आहे.” म्हणून रोज दुपारी मी त्यांना हाताला धरून माडीवर नेते. आता पाहुणे ते, आणि दालन दाखवणारी मी.

मी मुद्दाम चुकते. दुसरा उपायच उरला नाही माझ्यापाशी. काळ्या झग्यातल्या व्यापाऱ्याला मी पाद्री म्हणते, हॉलंडच्या गोठलेल्या कालव्याला मुळा धरण म्हणते. सफरचंद सोलणाऱ्या म्हातारीवर डावीकडच्या खिडकीतला उजेड असा कोवळा सांडलेला असतो की बोट लावलं तर सायीसारखा बोटाला लागेल, आणि मी बिनदिक्कत म्हणते, “उजेड उजवीकडून येतोय, हो ना?” मग त्यांच्या ओठांकडे बघत राहते. चिडा ना हो! माझ्या अकलेचे वाभाडे काढा, घर डोक्यावर घ्या. पण ते शांतपणे पुढच्या चित्राकडे वळतात.

काल शेजारच्या सुमनबाई दारातूनच म्हणाल्या, “ताई, ऱ्हाऊ द्या की आता. लई दमल्यात सर.”

“दमू द्या!” मी खेकसले. बिचारीचा काही दोष नव्हता, पण मला थांबवेना.

त्याच तिरीमिरीत मी त्यांना त्यांच्या सर्वांत लाडक्या चित्रापुढे उभं केलं. क्रुसावरून उतरवलेल्या लेकाचं कलेवर मांडीवर घेऊन बसलेली आई. ह्या चित्रापुढे ते कुणालाही तोंड उघडू देत नसत. मी म्हणाले, “ही आई लेकराला झोपवतेय. बघा, किती आनंदात आहे.” इतकं धादांत खोटं बोलताना माझाच आवाज फाटला.

त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे भरलेले डोळे पाहिले. ओठ किंचित हलले आणि मी कान पुढे केला. मग त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि अगदी हळूच, माझी समजूत घालावी तशी, होकाराची मान हलवली.

जन्मभर ज्यांनी माझी एक चूक पोटात घातली नाही, ते माझं खोटं असं सहज मान्य करून गेले. गेलेल्या माणसाची उणीव काळ कधी ना कधी भरून काढत असेल. पण ज्याचा हात अजून आपल्या हातात ऊबदार आहे, त्याची उणीव कुठल्या काळानं भरायची?