पंडुमाआधीचा आंबा

सोमारीने ग्लास ओठांना लावला आणि तसाच खाली आणला. जिभेला अजून काही लागलं नव्हतं, पण नाकाला लागलं होतं. कैरी. वर जिऱ्याचा, गुळाचा, पुदिन्याचा वास होता. त्या सगळ्याच्या खाली चिकाचा तो कोवळा, हिरवा वास, जो वर्षभर विसरला जातो आणि एका श्वासात ओळखू येतो.

तिने मान वळवली तोवर कोलूचा ग्लास रिकामा झाला होता. मिशीवरचा थेंब त्याने दुपट्ट्याच्या टोकाने टिपला आणि ग्लास ट्रेमध्ये परत ठेवला, दोन्ही हातांनी, सावकाश.

"आवडलं वाटते बाबांना!" सून दीपिका हसली. "आणखी मागवू का?"

"बस झालं," कोलू म्हणाला.

"आई, तुम्ही नाही घेतलं?"

"तहान नाई," असं म्हणून सोमारीने आपला ग्लास मोठ्या कुंडीच्या आड सरकवून दिला.

हॉटेल टेकडीच्या माथ्यावर होतं. खाली तलाव, तलावापलीकडे नजर जाईल तिथवर जंगल. नोकरीत बढती मिळाल्यावर मुलाने, दिनेशने, पहिली गोष्ट केली ती ही. "दोन दिवस काईच कराचं नाई, बा. नुसतं बसाचं," तो फोनवर म्हणाला होता. कोलू नाही म्हणेल अशी सोमारीची खात्री होती. बुधवारी गावात पंडुम, नव्या आंब्याचा सण होता आणि कोलू गावाचा पेरमा, देवाचं करणारा. पण त्याने एका शब्दात होकार दिला आणि पेटीतलं धुतलेलं धोतर काढून ठेवलं.

आंबा झाडाला कितीही लगडो, पंडुमाच्या दिवशी पेनाला, म्हणजे देवाला, आणि पूर्वजांना वाहिल्याशिवाय त्यांच्या गावात तो कुणाच्या तोंडात जात नसे. झाडाखाली पडलेली कैरी पोरं हुंगून बघत आणि ठेवून देत. दिनेशसारखी शहरात राहायला गेलेली माणसं बाहेर खात, तिकडे गाव कानाडोळा करी. पण जो हात वाहणार, त्याच हाताने आधी खाल्लं तर तो हात त्या वर्षी चालत नसे. असं कधी घडल्याचं सोमारीच्या ऐकिवात नव्हतं.

दुपारी नात आचल पोहण्याच्या तलावात उतरली. दीपिका काठावर पाय सोडून बसली. कोलू छत्रीखालच्या लांबट खुर्चीत असा ताठ बसला होता, जणू कुणीतरी येऊन उठ म्हणणार आहे.

"आजोबा, संध्याकाळी वाघ पाहायला जायचं ना?" आचल पाण्यातून ओरडली.

"वाघाले मी काऊन पाहू? त्यानं मले दोनदा पाह्यलं, तेवढं पुरे झालं."

बाजूच्या खुर्चीतला नागपूरकडचा पाहुणाही हसला. सोमारीला हसू आलं नाही. तिने दिनेशला खुणेने झाडाखाली बोलावलं.

"तुह्या बानं काय पेलं, पाह्यलं काय तू?"

"वेलकम ड्रिंक. काऊन? पोट बिघडलं काय त्याचं?"

"कैरीचं होतं ते."

 दिनेशचा हात आपोआप कपाळावर गेला. "अरे देवा. माह्या ध्यानातच नाई आलं, माय. आम्ही तं होळीपासूनच..." तो मध्येच थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "त्याले समजलं काय?"

"दिसत नाई."

"मंग नोको सांगू. इथी कोण पाहून राह्यलं? बुधवारी तो वाहील, सारं होऊन जाईल."

"आन् मंग गावात कोणी पडलं आजारी, तं?"

"माय, तू बी..." दिनेशने वाक्य सोडून दिलं. गाव सोडून त्याला वीस वर्षं होत आली होती, पण तेवढं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. चप्पल पायात नीट बसली नसल्यासारखी तो पुन्हा पुन्हा सरकवत राहिला. "मीच आणलं तुमाले इथी," तो म्हणाला.

सोमारीच्या मनात एक आशा होती. शहरात आंब्याचा रस बाटलीत भरून वर्षभर ठेवतात, हे तिने दिनेशच्या घरी पाहिलं होतं. मागच्या सालचा आंबा तर मागच्या सालीच वाहून झाला होता. ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेली. आरमोरीकडची उर्वशी नावाची मुलगी तिथे काकड्या सोलत बसली होती.

"बाई, सकाळी ते प्याले देल्लं, ते बाटलीतलं होतं काय? मागल्या सालचं?"

उर्वशीला वाटलं म्हातारी तक्रार घेऊन आली. तिने सोलणी खाली ठेवली. "नाई वं मावशी! आमी बाटलीतलं देतच नाई. या मागल्या झाडाच्या कैऱ्या हायेत, पाहाटेच तोडल्या. एकदम ताज्या." मग चेहरा बघून म्हणाली, "काऊन, आंबट झालं होतं काय?"

"नाई. चांगलं होतं," सोमारी म्हणाली.

दिवस मावळताना सगळे वाघ बघायला गेले. कोलू गेला नाही, म्हणून सोमारीही राहिली. खोलीपुढच्या गच्चीत वेताच्या खुर्च्या होत्या. ती खाली फरशीवर बसली, तो कठड्याला धरून उभा राहिला. तलावावर पाणकावळे उतरत होते. सांगावं की न सांगावं, हे तिने दिवसभर इतकं घोळवलं होतं की आता दोन्हींत फरक उरला नव्हता. पण त्याला न कळता त्याने बुधवारी हात पुढे करावा, हे तिला बघवलं नसतं.

"आयकून घे," ती आपल्या गोंडीत म्हणाली. "सकाळी त्याइनं जे देल्लं ना, ते कैरीचं होतं. नव्या कैरीचं."

कोलूने मागे वळून पाहिलं नाही.

"माहीत हाय," तो म्हणाला.

"आता समजलं?"

"ते पोरगं ट्रे घेऊन दारातून आलं, तवाच वास आला."

सोमारी उठून उभी राहिली. "मंग काऊन पेला?"

 खाली कुणीतरी पायवाटेचे दिवे लावले, ते एकेक करून पेटत त्यांच्यापर्यंत आले.

"मागल्या साली पंडुमात पूर्वजाइची नावं घ्याले बसलो," तो म्हणाला. "मासाचं घेतलं, लालसूचं घेतलं. त्याच्या पुढं काईच नाई. जसं कोणी पुसून टाकलं. मी तसाच बसलो हात वर करून. आंग कापाले लागलं. लोकांले वाटलं, पेन आला आंगात. समद्याइनं हात जोडले." तो हसला, पण आवाज निघाला नाही. "आंबा तसाच वाह्यला मी. नावाबिगर. आन् पावसाळ्यात ते दोन लेकरं गेली तापानं."

"ते तं मलेरियानं गेली. डॉक्टर बोलला."

"बोलला."

ती त्याच्या जवळ जाऊन कठड्याशी उभी राहिली. वर्षभर याच्या शेजारी झोपून आपल्याला पत्ता लागला नाही, याचा तिला राग आला. कुणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मले बोलला असता तं?"

"बोलून काय झालं असतं? पेरम्याले मी थकलो असं म्हणता येते काय? पण खाल्लं, तं सुटला."

"लोकं हावरा म्हणतीन तुले."

"म्हणू दे. हावऱ्याले माणसं हसते. इसरणाऱ्याले भेते."

"आन् दिनेश? तो दुपारपासून जेवला नाई धड. त्याले वाटते त्याच्यानंच झालं."

याचा विचार कोलूने केला नसावा. त्याने कठड्यावरचा हात काढून घेतला आणि धोतराला पुसला.

सकाळी नाश्त्याला पांढऱ्या कापडाच्या टेबलाभोवती सगळे बसले. आचल वाघाच्या पाठीवरचे पट्टे बोटाने हवेत काढून दाखवत होती. कोलूने टोस्टचा तुकडा चहात बुडवला, खाल्ला, आणि म्हणाला, "दिनेश, चैतूले फोन लाव."

चैतू त्याच्या भावाचा मुलगा. पुढे मागे पेरमा व्हायचा तो तोच. दिनेशने आईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला आणि जॅमच्या बरण्यांच्या मध्ये ठेवला.

"काका! कधी येता? इथी सारवणं बी झालं."

"येतो आज. आयक चैतू, बुधवारी तू वाहशील. मी आंबा खाल्ला."

पलीकडे कोंबडा आरवला, तेवढंच ऐकू आलं.

"मजाक नोका करू, काका."

"पन्हं पेलो. हॉटेलात. मस्त होतं."

"दिनेशदादानं पाजलं काय? त्याले काई समजते का नाई? शहरात जाऊन—"

"दिनेशनं नाई," कोलूचा आवाज चढला. बाजूच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. "वास मले येत होता. हात माहा, तोंड माहं. म्हाताऱ्याले मोह झाला. गावाले असंच सांग. दिनेशचं नाव काढशील तं पाह्य."

दिनेश वडलांकडे बघत राहिला. दीपिकाने आचलला फळं आणायच्या निमित्ताने उठवून नेलं.

"मंग आता कसं?" चैतूचा आवाज खाली आला होता. "मले वाहता येईल, पण नावं कुठी येते मले समदे? थांबा, मोबाइलात भरून घेतो. हं, बोला काका. पहिल्यापासून."

कोलू पुढे वाकला. "मासा," तो म्हणाला. "लालसू."

मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. बोट टेबलावरच्या कापडावर फिरू लागलं, घडीवरून एकदा इकडे, एकदा तिकडे.

"काका? आवाज गेला काय?"

सोमारीने बशी बाजूला केली आणि फोन आपल्याकडे ओढला. पेनाच्या जागी तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बाया नाल्याच्या अलीकडेच थांबत. पण दर साली पंडुमाच्या आधी तो अंगणात दोर वळत ती नावं पुटपुटत राही, आणि ती तिथेच मोहफुलं निवडत बसलेली असे.

"चैतू, मी काकी. तुह्या काकाले या फोनात बोलणं जमत नाई. तो मले सांगून राह्यला, तसंच तुले सांगते. आयक. पुसू."

"पुसू," चैतू म्हणाला.

"कोमटी."

"कोमटी."

"मंग जोगा, मोठा. त्याच्या मागं जोगा, लहान."

वेटर कॉफीची किटली घेऊन आला. दिनेशने हात वर करून त्याला तिथेच थांबवलं. त्याची नजर वडलांच्या ओठांवर होती. ते मिटलेले होते.

सोमारी कुणाकडेच बघत नव्हती. एका नावानंतर ती थांबे, मग पुढचं घेई. शेजारच्या माणसाला कानात एक नाव सांगायला जेवढा वेळ लागेल, तेवढीच दर वेळी थांबत होती.