झावळ्यांआडच्या खोल्या

“आज साऱ्यांनाच झावळ्यांची आठवण झाली. एरवी अंगणात पडल्या तर नाकं मुरडतात.”

कुंपणापलीकडून कोकिळा पुटपुटली. कोणाला उद्देशून नव्हे, नारळाच्या बुंध्याशी बोलावं तसं. पण कुंपण ते केवढं? चार बांबू नि जास्वंदीची दोन झुडपं. अलीकडे विणलेली झावळी हातात धरून उभ्या असलेल्या कमळने ते शब्द टिपले, उलटसुलट करून पाहिले नि मनात जपून ठेवले. साऱ्यांनाच म्हणजे कोणाला? आणि आज पाहणी आहे, हे हिला इतकं पक्कं कसं ठाऊक?

तसं ठाऊक अख्ख्या आळीला होतं. पण माणसाला संशयाचं खूळ लागलं की शेजारणीचं शिंकणंही मुद्दाम वाटतं.

काशीदच्या अलीकडचं हे गाव. समुद्र मागच्या दाराशी, म्हणून सीआरझेडचा कायदा पुढच्या दाराशी. पक्कं बांधायला परवानगी मिळत नाही, झोपडीला मात्र कोणी फारसं विचारत नाही, असा गावाचा समज. त्यावर गावाने आपली रीत काढली होती. सिमेंटच्या खोल्या बांधायच्या नि बाहेरून विणलेल्या झावळ्या ठोकायच्या. आत टाइल्स, गीझर, बाहेरून झोपडी. पाहणीची कुणकुण लागली की नवा थर चढवायचा. हिरामण-कमळच्या मागच्या दोन खोल्या अशाच. मुंबईची माणसं शनिवार-रविवार राहायला यायची, म्हणून त्यांचा मुलगा प्रणय ट्रक सोडून घरी आला होता. ट्रकवर होता तेव्हा तो महिन्यातून एकदा दिसायचा, तोही झोपलेला. खोल्या पडल्या तर तो पुन्हा ट्रकवर जाणार, एवढं कमळला दिवसाउजेडी दिसत होतं.

आणि कोणीतरी बिननावाची तक्रार केली होती. फक्त त्यांच्या खोल्यांची.

“कोकिळाच,” आळीच्या तोंडावर सोड्याची गाडी लावणारा दिपेश म्हणाला होता.

“कशावरून?” कमळने विचारलं होतं.

“असंच. वाटतं आपलं.”

समोरच्या रंगूचंही तेच. “मी नाव घेत न्हाय कुणाचं. पण कोकिळा हल्ली जास्तच गप असते.”

“पण ती का करेल?”

यावर रंगूने पदराने चष्मा पुसला, घालून पाहिला नि पुन्हा पुसला.

खरं तर कारण सगळ्यांना माहीत होतं. ते बोलायचं म्हणजे वाटेचं नाव घ्यायचं, आणि वाटेचं नाव घ्यायची कोणाचीच छाती नव्हती.

आळीतून समुद्राकडे एक सरळ वाट होती. आधी तिच्यावरून बैलगाडी जायची. मग रंगूची न्हाणी पुढे सरकली, दिपेशचा ओटा लांबला, कोणी तुळस हलवली, कोणी गाडीसाठी पत्रा टाकला. वाट अंग चोरत चोरत माणसापुरती उरली. राहिलेल्या तेवढ्यावर हिरामणने दोन खोल्या उभ्या केल्या. वाट गेली, पण चोर कोण म्हणाल तर सगळे एकाच माळेचे मणी.

नंतरच्याच वर्षी जीवन गेला. हिरामणचा धाकटा भाऊ, कोकिळेचा नवरा. गावची स्मशानभूमी सुरूच्या बनापलीकडे, किनाऱ्याला. बायका तिथवर जात नाहीत. त्या दारात थांबतात, पण वाट सरळ असल्याने तिरडी सुरूंत शिरेपर्यंत दारातून दिसायची. गावातल्या विधवांचं तेवढंच शेवटचं बघणं. जीवनला मोठ्या रस्त्याने फिरवून न्यावं लागलं. शनिवार होता. बोटिंगची तिकिटं विकणाऱ्या टपरीपाशी गाड्या तुंबलेल्या, आणि मागचा कोणीतरी हॉर्न वाजवत राहिला. कोकिळेला तो पहिल्या वळणापर्यंत दिसला, बस. त्या दिवशी ती कोणाला काही बोलली नाही, नंतरही नाही. उलट बाराव्यानंतर भाकऱ्या नि सुकटीची चटणी घेऊन आली. “प्रणयला आवडते,” म्हणाली.

परवा तिने असंच भांडं भरून कालवण पाठवलं, तर कमळने भांडं रिकामं परत धाडलं. रिकामं भांडं परत करायचं नसतं, चिमूटभर साखर तरी घालायची असते. कोकिळेने ते कुंपणावरून घेतलं, आत बघितलं नि म्हणाली, “घासलंस कनाला वयनी, मी घासलं असतं.”

हे साधं होतं की टोमणा, यावर कमळ दोन दिवस झुरत होती.

मॅडम दुपारी आल्या. तालुक्याच्या कार्यालयातल्या, रुचिका नाव, स्कूटरवरून, डोक्याला रुमाल बांधलेला. बरोबर टेप धरायला एक माणूस. आळीतले सगळे आपापल्या कामाला निघाल्यासारखे करत तिथेच थांबले.

मॅडम खोलीभोवती फिरल्या. मागच्या बाजूला थांबल्या. झावळ्यांतून पाणी टपकत होतं. पाहुण्यांनी एसी चालू ठेवला होता, नि त्याचा बाहेरचा डबा प्रणयने घाईत झावळ्यांखाली झाकून टाकला होता.

“झोपडीला घाम फुटलाय वाटतं,” त्या म्हणाल्या.

“दव हाय मॅडम,” प्रणय म्हणाला.

“दुपारी बारा वाजता?”

“समुद्राकडचं दव. उशिरा सुकतं.”

रंगू फिसकन हसली, नि लगेच खोकली. हिरामणने मुलाकडे असं पाहिलं की दव तिथल्या तिथे सुकावं.

मॅडमनी झावळी बाजूला केली, भिंतीवर बोट वाजवलं. रागावल्या नाहीत. तेच कमळला जास्त खुपलं. न रागावणारा अधिकारी म्हणजे आधीच सगळं ऐकून आलेला. कोणाकडून? तिने तिरक्या नजरेने कुंपणाकडे पाहिलं. कोकिळा झावळ्या विणत होती. आता कोणासाठी विणत होती, देव जाणे.

“मी अहवाल देईन, ठरवतील वरचे,” मॅडम म्हणाल्या. “तक्रारीत फक्त भरतीरेषेच्या फार जवळ बांधल्याचं लिहिलंय. दंड भरून, थोडं मागे घेऊन काही होतं का, ते बघता येईल. पण मला एक सांगा. समुद्र तर या खोल्यांच्या मागेच. लोक जातात कुठून?”

“मोठा रस्ता हाय ना,” दिपेश म्हणाला.

“तो फिरून जातो. इथून सरळ वाट नव्हती कधी?”

हिरामण नारळ मोजू लागला. रंगूने चष्मा काढला.

“नाही, म्हणजे बघा ना. सगळ्या घरांचे ओटे इकडे तोंड करून आहेत. भिंतीकडे तोंड करून कोणी ओटा बांधतं का?” मॅडम थांबल्या. “वहिवाटीच्या वाटेवर बांधलेलं असेल तर मग वाचवणं कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणून विचारते.”

टेपवाला माणूसही टेप गुंडाळायचा थांबला.

“तुम्ही लागून राहता,” मॅडम कोकिळेकडे वळल्या. “तुमचं काही म्हणणं?”

कमळ कुंपणाकडे दोन पावलं सरकली. आता. आता ही बोलणार.

कोकिळेने हातातली झावळी मांडीवर ठेवली. “माझं काय म्हणणं असनार? चांगल्या हायत खोल्या. पोरगा घरात राहतो त्यांच्यामुळं.”

“तक्रार तुम्ही केली नाही?”

“मी कनाला करू?”

दिपेशने सुटकेचा श्वास टाकला. हिरामणचा चेहरा उजळला. निभावलं होतं. कमळने गप्प बसायचं होतं, एवढंच. पण दोन दिवस पोटात घोळवलेला संशय तिच्या घशाशी आला होता, आणि या गोड बोलण्याने तो खाली जाण्याऐवजी वर चढला.

“खोटं नको बोलू, कोकिळे.”

“वयनी, खरंच न्हाय केली.”

“मग का न्हाय केली?” कमळचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “करायला हवी होती. मी असते तर केली असती. नवरा नेला तुझा, नि पहिल्या वळणाला नाहीसा झाला. तुला तो सुरूंपर्यंत दिसायला हवा होता.”

“कमळ,” हिरामण दबक्या आवाजात म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, प्रणयकडेही पाहिलं नाही. ती मॅडमकडे वळली.

“ही वाट होती. आम्ही सगळ्यांनी थोडी थोडी खाल्ली, नि शेवटचा घास आमचा.”