खिडकीतून नेलेली पुस्तकं

कोंबडी आत शिरली आणि वाचनालयाच्या दारावरचं माणसं मोजायचं यंत्र 'टिंग' करून वाजलं. साल्मियाहने झाडू उगारून तिला हाकललं, तशी ती फडफडत बाहेर पळाली आणि यंत्र पुन्हा वाजलं. म्हणजे सकाळपासून हे दोन नवे वाचक. त्याच वेळी मागच्या खिडकीत माक लोंग चौकटीवर कोपर टेकून उभी होती, वाचून झालेली भुताची कादंबरी परत देत होती आणि नवी मागत होती. तिच्यासाठी यंत्राने हूं की चूं केलं नाही.

"त्या कोंबडीला कार्ड करून दे, मियाह," माक लोंग म्हणाली. "माझ्यापेक्षा तिचा मान मोठा."

एरवी साल्मियाह पोट धरून हसली असती. आज तिचं डोकं तापलेलं होतं. तिने मुकाट्याने कपाटातून एक जाड कादंबरी काढली आणि खिडकीतून पुढे केली. माक लोंगने आधी हात कमरेला गुंडाळलेल्या सारोंगला पुसले. ते पुसून काही उपयोग नव्हता. रबराचा चीक हातावर वाळला की काळा पडतो आणि जन्माचा सोबती होतो.

"मेलेली माणसं किती आहेत यात?"

"एकच. तेही म्हातारं."

"आणि शेवटी लग्न?"

"वाच की गं बाई. सगळं मीच सांगू?"

माक लोंगचं खरं नाव कल्सोम, पण आलोर जेनांग गावात लहानथोर सगळे तिला माक लोंगच म्हणत, थोरली मावशी. साठी उलटली होती तरी पहाटे डोंगरावर जाऊन रबराच्या झाडांना चिरा पाडायची, चीक गोळा करायची आणि दुपारी डबे मोटरसायकलला लटकवून चीक जमा करायच्या खालच्या छपरात पोचवायची. त्या छपराची वाट वाचनालयाच्या मागून जाई. वाचायला ती फार उशिरा शिकली. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. एक पुस्तक तिला सहज महिनाभर पुरे. भुतंखेतं चालतील, पण शेवटी कुणाचं तरी लग्न लागलं पाहिजे, एवढीच तिची अट.

वाचनालय सरकारी. म्हणजे राज्याच्या ग्रंथालय महामंडळाचं. साल्मियाहचा पगार तिथून, पुस्तकं तिथून, भिंतीचा रंगसुद्धा तिथून ठरून यायचा. ज्याच्या हाती दोरी, तो नाचवी पोरी. पूर्वी महामंडळ किती पुस्तकं वाचायला गेली ते विचारायचं. मग राजधानीत कुणा हुशार माणसाच्या ध्यानात आलं, की नेलेलं पुस्तक वाचलंच जातं कशावरून? तेव्हापासून माणसं मोजायची ठरली. जसं काही दारातून आत आलेला प्रत्येक जण वाचूनच बाहेर पडतो! यंत्र बसलं आणि त्याच्यामागोमाग फर्मान आलं: दारातून पुरेशी माणसं आली नाहीत, तर वर्षअखेरीला वाचनालय बंद.

आणि आलोर जेनांगचे वाचक तर खिडकीतून येणारे.

ही खिडकीही महामंडळानेच उघडायला लावली होती, पण ते कोण लक्षात ठेवतो? काही वर्षांपूर्वी या वाचनालयाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं. बक्षीस म्हणून निळा गालिचा आला आणि थंड हवेचं यंत्र आलं. मोठे पाहुणे आले, केळीच्या पानातला नारळभात खाऊन, फोटो काढून गेले. पुढच्या तपासणीत गालिच्यावर काळी पावलं दिसली. साल्मियाहला खरमरीत पत्र आलं, की सरकारी मालमत्तेची हेळसांड खपवून घेतली जाणार नाही. ती कुणाला काही बोलली नाही. नुसती गुडघ्यावर बसून रॉकेलने डाग घासत राहिली. पण गावात काय लपतं? दुसऱ्या दिवसापासून चीक काढणाऱ्या बायका दारात यायच्या, स्वतःची पावलं बघायच्या, अंगाचा आंबूस वास आठवून ओशाळायच्या आणि मागे फिरायच्या. आठवडाभर साल्मियाहने ते बघितलं. मग मागच्या खिडकीसमोरचं कपाट तिने एकटीने ढकलून बाजूला केलं.

तेव्हापासून दुपारी खिडकीखाली मोटरसायकली थांबू लागल्या. पुढे, गालिच्यावर, गारव्याला बसायला दोन पेन्शनवाले आजोबा येत आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपत. यंत्राच्या हिशोबी तेच काय ते वाचक.

शेजारच्या पोकोक तिंगी गावच्या वाचनालयात हाम्दान होता. साल्मियाहच्याच बरोबरीने नोकरीला लागलेला, स्वभावाने मोकळा आणि बारा गावचं पाणी प्यालेला. त्याने छताच्या पंख्याला एक लांब लाल फीत बांधली होती. पंखा फिरला की फीत यंत्रासमोरून जायची आणि टिंग. हाम्दान पंखा लावून समोरच्या टपरीवर कॉफी प्यायला जायचा. लालफितीने सरकारी कामं मरतात म्हणतात. त्याचं वाचनालय फितीवरच जगत होतं. त्याने फोनवर साल्मियाहला युक्ती सांगितली, वर दमही दिला, की खरेपणा कुरवाळत बसशील तर हात चोळत बसावं लागेल.

तिने फीत आणली. खोटं कशाला सांगा, खुर्चीवर चढून पंख्यापर्यंत हातही नेला. आणि तिथे उभी असताना तिला भयंकर संताप आला. उन्हात करपलेल्या, बोट ठेवून एकेक अक्षर लावणाऱ्या बायका मोजायच्या नाहीत आणि हा पंखा वाचतो म्हणून वर कळवायचं? ती खाली उतरली. फितीने तिने अंगणातल्या मिरचीच्या रोपाला काठी बांधून टाकली.

मग महामंडळाचा माणूस आला. एन्चिक फौजान, म्हणजे फौजानसाहेब. तिशीतला, हळू बोलणारा, चांगला माणूस. तो चांगला होता हीच मोठी पंचाईत. उर्मट असता तर साल्मियाहला भांडायला बरं पडलं असतं. त्याने पायरीवर चकचकीत बूट काढले आणि इकडेतिकडे बघितलं. पायरीवर साल्मियाहच्या चपला आणि झोपलेल्या आजोबांच्या वहाणा, बाकी काही नाही. त्याने काय टिपलं ते तिला दिसलं.

तिने त्याला दुपारपर्यंत थांबवून घेतलं. खिडकीशी खुर्ची टाकून दिली आणि म्हणाली, आता आपल्या डोळ्यांनी बघा. बायका आल्या. खिडकीत इस्त्रीच्या शर्टातला साहेब दिसताच त्यांनी मोटरसायकली थांबवल्यासुद्धा नाहीत, माना खाली घालून सरळ छपराकडे निघून गेल्या. साल्मियाह हाका मारत राहिली. एकटी माक लोंग थांबली, कारण तिला साहेबाचं आणि सटवाईचंही भय नव्हतं. जाड कादंबरी अजून निम्मीच झाली आहे, नायिका भारी रडकी आहे, एवढं सांगून तीही गेली.

"पुआन साल्मियाह, बाईसाहेब, मला कळतंय हो," फौजान म्हणाला. "पण वाचक म्हणजे दारातून आत आलेली व्यक्ती, असं नियमात आहे."

"मग एक यंत्र खिडकीला लावा."

"खिडकीसाठी तरतूद नाही."

"गालिच्यासाठी होती?"

त्याने समजुतीच्या सुरात सुचवलं, की बायकांना दारातूनच यायला सांगा. साल्मियाह म्हणाली, गालिचा उचलून न्या, उद्या सगळ्या बायका आत आणते. त्यावर तो खरंच विचारात पडला आणि म्हणाला, की गालिचा दुसऱ्या विभागाच्या अखत्यारीत येतो. जाता जाता, बूट घालताना, त्याने विचारलं, पोकोक तिंगीला एवढी माणसं येतात, मग इथेच का नाही? हाम्दानचं नाव तिच्या जिभेच्या टोकावर आलं. फितीची गोष्ट सांगितली असती तर त्याचंही दुकान बंद झालं असतं, आणि त्या गावालाही कुणीतरी बोट ठेवून वाचणारं असेलच की. तिने जीभ चावली.

हुकूम आला तो अगदी गोड भाषेत. आलोर जेनांगचं वाचनालय बंद. साल्मियाहची बदली शहरात, टेबलाशी बसून शिक्के मारायला. आणि सगळी पुस्तकं वाचकसंख्येत अव्वल ठरलेल्या पोकोक तिंगीला. ते शेवटचं वाचून साल्मियाह मोठ्याने हसली. झोपलेले आजोबा दचकून उठले. "पंखा वाचील," ती त्यांना म्हणाली, आणि कपाटाचं दार इतक्या जोरात आपटलं, की बिजागरी निखळली.

शेवटच्या आठवड्यात तिने खिडकीतून प्रत्येकीला निरोप दिला, की पुस्तकं परत आणा, आणि दारातून आणा. आता गालिच्याचं काय घेऊन बसायचं? जळो तो गालिचा!

आणि त्या आल्या. शेवटच्या दिवशी दुपारी, अंगणात लॉरी उभी, हमाल खोकी बांधतायत, फौजान यादी घेऊन उभा, आणि डोंगरावरून एकामागून एक मोटरसायकली उतरल्या. बायका चिकाच्या कपड्यांनिशी पायऱ्या चढल्या. चपला काढायला जागा उरली नाही, तेव्हा एकीच्या चपलांवर दुसरीच्या पडल्या. निळ्या गालिच्यावर काळी पावलं उमटत गेली आणि यंत्र टिंग टिंग टिंग वाजत सुटलं, थांबेचना. थंड खोली आंबूस वासाने भरून गेली. एकीने आपलं पुस्तक धुतलेल्या ओढणीत बांधून आणलं होतं. एक जण कपाटांवरून हात फिरवत म्हणाली, की अगं, आत एवढी होती होय पुस्तकं? इतकी वर्षं खिडकीतून तिला तीनच फळ्या दिसायच्या.

"बघा, आज कशी गर्दी झाली," फौजान खाली मान घालून पुटपुटला. "अशाच आल्या असत्या तर..."

"द्यायला आल्यात म्हणून दारातून आल्या," साल्मियाह म्हणाली. "न्यायला येत होत्या तेव्हा तुम्हाला दिसल्या नाहीत."

ती ओरडून बोलली नाही. हमालांचे हात मात्र थांबले.

सगळ्यात शेवटी माक लोंग आली. बगलेत जाड कादंबरी. तिने पुस्तक दिलं नाही. गालिच्याच्या मधोमध फतकल मारली, पुस्तक मांडीवर उघडलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. थोडीच पानं राहिली आहेत, ती म्हणाली, तेवढी वाचते. लॉरीवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. फौजान तिच्याजवळ उकिडवा बसला आणि मऊ आवाजात म्हणाला, माकचिक, मावशी, राहू द्या तुमच्याकडेच ते पुस्तक, मी यादीत हरवलं म्हणून लिहितो.

माक लोंगने मान वर केली. "मी हरवलेलं नाही. वाचायला घेतलंय, ठेवून घ्यायला नाही."

आणि पुन्हा वाचायला लागली. काळं बोट ओळीवरून सरकत होतं, ओठ हलत होते. बायका गेल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. साल्मियाहने बांधलेल्या खोक्यांतलं एक ओढून माक लोंगच्या पाठीशी लावलं, टेकायला. लॉरीवाला शिव्या देत इंजिन बंद करून झाडाखाली जाऊन बसला. महामंडळाचं सगळं काम एका बाईची पानं संपायची वाट बघत खोळंबलं, आणि तिला उठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

शेवटी तिने पुस्तक मिटलं. फौजानने हात पुढे केला. माक लोंग त्याच्या बाजूने गेली, दारातून बाहेर पडली, चपलांच्या ढिगातून आपल्या शोधून काढल्या आणि वाचनालयाला वळसा घालून मागे आली. साल्मियाह आधीच खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. माक लोंगने सारोंगला हात पुसले आणि पुस्तक चौकटीवर ठेवलं.

"जिथून घेतलं तिथंच देते, बाई."

"कसं होतं?" साल्मियाहने नेहमीसारखं विचारलं.

"लग्न लागलं गं." माक लोंगने नाक मुरडलं. "पण शेवट मेला बरोबर नाही. घाईघाईने उरकलाय."

तिने डबे मोटरसायकलला अडकवले आणि छपराच्या वाटेला लागली. साल्मियाहने पुस्तक उरलेल्या खोक्यात ठेवलं. हमाल ते उचलून घेऊन गेले. खोली रिकामी झाली. गालिचा तेवढा राहिला, काळ्या पावलांनी भरलेला, दुसऱ्या विभागाची वाट बघत. फौजान कुलूप आणि लाख घेऊन दाराशी आला आणि म्हणाला, पुआन, तेवढी मागची खिडकी लावून घ्या, मोहोर करायची आहे.

"कुठली खिडकी?" साल्मियाह म्हणाली. "तुमच्या नियमात नाही ती."

ती दारातून बाहेर पडली. यंत्र वाजलं. पायरीवर तिच्या चपलांजवळच फौजानचे बूट बायकांच्या पायांखाली येऊन उलटे पडले होते, चिखलाने माखलेले. तिने आपल्या चपला घातल्या आणि घरी गेली.